तीनशे लांडगे आणि साठ हजार मेंढ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. एक लेखिका पाच भागांची फँटसी कादंबरीमालिका लिहीत आहेत. त्यांच्या राज्याची सीमा राखायला तीनशे रक्षक आहेत. प्रत्येकाला बाराव्या वर्षी लांडग्याचं पिल्लू मिळतं, दोघांची मनं जोडली जातात आणि पुढे सगळं बोलणं मनातल्या मनात होतं. नायिकेच्या लांडग्याचं नाव भुरका. राज्याच्या हेरांकडे असेच डोमकावळे आहेत. कच्चा खर्डा वाचणाऱ्यांमध्ये दोन तट पडले आहेत. एका तटाला भुरका अख्ख्या कादंबरीत सगळ्यात जास्त आवडला. दुसऱ्याचं म्हणणं असं की भुरका गोड आहे, पण त्याच्याभोवतीचं जग पोकळ आहे: इतके लांडगे खातात काय, गावकरी त्यांना घाबरत कसे नाहीत, आणि भुरका लांडगा कमी आणि टोमणे मारणारा मित्र जास्त का वाटतो? लेखिकेला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. या तपशिलात किती खोल जायचं? आणि तिसऱ्या भागात भुरक्याला मारायचा बेत आहे, तो योग्य आहे का?

फँटसी संहितांचं संपादन हे माझं काम आहे, आणि साथी प्राणी नाही अशी संहिता हल्ली क्वचितच हाती येते. त्यांत माणूस आणि प्राणी यांचं नातं बहुतेक वेळा चांगलं उतरलेलं असतं, कारण लेखकाने तेच जीव ओतून लिहिलेलं असतं. घोटाळा होतो तो संख्येत. एक लांडगा असला की ती गोष्ट असते. तीनशे झाले की ते सरकारी खातं होतं, त्याला कोठार लागतं, कारकून लागतो, कर लागतो. तुमचे दोन्ही तट बरोबर आहेत, फक्त एक जण गोष्टीबद्दल बोलतोय आणि दुसरा खात्याबद्दल.

म्हणून माझा पहिला सल्ला असा की मनं जोडली जाण्याचं प्रकरण जरा बाजूला ठेवा आणि पोटापासून सुरुवात करा.

रानातला लांडगा साधारण चाळीस किलोचा असतो आणि सरासरी दिवसाला दोन-तीन किलो मांसावर त्याचं निभतं. मोठी शिकार झाली तर तो एका बैठकीत आठ-नऊ किलो खातो आणि नंतर काही दिवस उपाशी राहू शकतो. तुमचे लांडगे वासराएवढे आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणजे चार किलो धरू. हा आकडा कमीच आहे. तीनशे लांडगे गुणिले चार, रोज १,२०० किलो मांस. एका मेंढीतून लांडग्याच्या पोटात जाण्याजोगं वीस-बावीस किलो निघेल असं धरलं तर रोज पंचावन्न मेंढ्या, वर्षाला वीस हजार. दरवर्षी वीस हजार मेंढ्या कापूनही कळप टिकवायचा असेल तर तो निदान त्याच्या तिप्पट हवा. झाल्या साठ हजार मेंढ्या. एका मेंढपाळाच्या हाताखाली दोनशे मेंढ्या धरा, म्हणजे तीनशे मेंढपाळ.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा. तीनशे रक्षक, तीनशे मेंढपाळ. तुमच्या राज्यातल्या प्रत्येक वीरामागे एक मेंढपाळ उभा आहे आणि त्याचं आयुष्य लांडग्यासाठी मेंढ्या वाढवण्यात चाललं आहे. ज्या जनावरापासून कळप राखायचा, त्याच जनावराला पोसण्यासाठी कळप वाढवायचा! तुमच्या पहिल्या भागाच्या सव्वातीनशे पानांत एकही मेंढपाळ नाही. हे माणूस माझ्या हाती लागलं असतं तर मी त्याला नायिकेच्या खालोखाल जागा दिली असती.

गावकरी लांडग्यांना का घाबरत नाहीत, हा प्रश्नही इथेच सुटतो. ते घाबरतात की नाही हे दुय्यम आहे, त्यांना लांडगे परवडत नाहीत हे मुख्य आहे. सुकाळात कुणी बोलणार नाही. लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊ द्या, मग बघा. हे सांगायला परिच्छेदभर माहिती ओतायची गरज नाही. नायिका गावात शिरते, मेंढपाळाची बायको तिला वाकून नमस्कार करते, भुरक्याला न्याहाळते आणि म्हणते, "बाळसं धरलंय हो तुमच्या लांडग्यानं." तिच्या कडेवरच्या पोराच्या बरगड्या मोजता येतात. बस्स. कर, दुष्काळ, असंतोष, सगळं तेवढ्यात आलं.

ही युक्ती नवी नाही. अ‍ॅन मॅकॅफ्री यांच्या १९६८ सालच्या 'ड्रॅगनफ्लाइट'मध्ये आकाशातून पडणाऱ्या संकटापासून जगाला वाचवायला ड्रॅगन आणि त्यांचे स्वार आहेत, आणि त्यांना पोसण्याचा वाटा आजूबाजूच्या सरदारांनी उचलायचा आहे. कादंबरी सुरू होते तेव्हा कित्येक पिढ्यांत ते संकट आलेलंच नाही. साहजिकच सरदार कुरकुरतायत: या खादाड जनावरांना आम्ही का पोसायचं? वाचकाला ड्रॅगन आणि स्वार यांचं प्रेम आठवत राहतं हे खरं, पण ते जग उभं राहतं या कुरबुरीवर. तुमच्या सीमेवर शेवटचं युद्ध कधी झालं? संहितेत मला सापडलं नाही. आजच्या रक्षकांच्या आजोबांच्या काळात झालं असेल तर निम्मं कथानक तुमच्या हातात आयतं आलंय.

प्रत्यक्ष इतिहासातला नमुना हवा असेल तर कौटिल्याचं अर्थशास्त्र काढा आणि हत्तींवरची प्रकरणं वाचा. फँटसी लिहिणाऱ्याला इतकं उपयोगी वाचन दुसरं नाही असं माझं मत आहे. तिथे हत्तींसाठी राखीव वनं आहेत, वनपाल आहेत, हत्ती मारणाऱ्याला देहदंड आहे, हत्तींच्या खात्याचा स्वतंत्र अध्यक्ष आहे. हत्ती उन्हाळ्यात पकडावा, वीस वर्षांचा पकडावा. पिल्लू, आजारी हत्ती, गाभण किंवा पाजती हत्तीण धरू नये, इतक्या बारकाव्यात नियम आहेत. वीस वर्षांचाच का? पिल्लू पाळलं तर कामाला येईपर्यंत ते वर्षानुवर्षं नुसतं खात बसणार. हत्तीचा गर्भकाळच जवळजवळ बावीस महिन्यांचा. त्यापेक्षा रानाने वाढवलेला हत्ती धरून आणणं परवडतं. पण मग रान राखावं लागतं, कुणाला तोडू देता येत नाही, तिथल्या लोकांशी जमवून घ्यावं लागतं. म्हणजे जनावराच्या शरीराचा एक गुणधर्म, सावकाश वाढणं, आणि त्यातून कायदा निघाला, खातं निघालं, जंगलाची हद्द ठरली. जग उभारणं म्हणतात ते हेच.

तुमच्यासाठी यातून निघणारा प्रश्न: पिल्लं येतात कुठून? रानातून की राज्याच्या लांडगेखान्यातून? संहितेत "पिल्लू मिळतं" एवढंच आहे. देणारा कोण ते कळत नाही.

राज्यात पैदास होत असेल तर एक पेच आहे आणि तो जाणत्या वाचकाच्या हमखास लक्षात येतो. १९५९ मध्ये दिमित्री बेल्यायेव या रशियन शास्त्रज्ञाने नोवोसिबिर्स्कजवळ चंदेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतले माणसाला कमीत कमी बुजणारे कोल्हे निवडायचे आणि फक्त त्यांचीच वीण होऊ द्यायची. काही पिढ्यांतच कोल्हे शेपट्या हलवायला लागले, माणसाचे हात चाटायला लागले. काहींचे कान लोंबले, अंगावर पांढरे ठिपके आले. त्या प्रयोगावर पुढे आक्षेपही आले, कारण मूळ कोल्हे फरसाठी आधीच पाळलेल्या कळपांतले होते. तरी मुख्य मुद्दा राहतोच: शांत पिल्लं निवडत गेलं की जनावर बदलतं. तुमचे रक्षक चारशे वर्षांपासून आहेत. चारशे वर्षं माणसाशी जुळणारी पिल्लं निवडल्यावर उरतो तो लांडगा नसतो, कुत्रा असतो. भुरक्याचे कान लोंबते असायला हवेत. त्याचं ते "रानाची आण" असलेलं पिवळ्या डोळ्यांचं वर्णन मग कुठल्या तोंडाने करणार?

यातून दोन वाटा फुटतात आणि दोन्ही चांगल्या आहेत. पिल्लं दरवेळी रानातून आणायची, म्हणजे हत्तींसारखी रानं राखायची, आणि दर वसंतात कुणीतरी मादीच्या गुहेतून पिल्लू उचलून आणायचं. त्या मादीचं काय होतं, हे भुरक्याला आठवतं का? किंवा दुसरी वाट: रक्षकांचे लांडगे खरोखरच अर्धे कुत्रे झालेत, राज्यात सगळे त्यांना लांडगे म्हणतात, आणि पहिल्यांदा खराखुरा रानलांडगा समोर आल्यावर नायिकेच्या लक्षात येतं की आपल्या शेजारी उभं आहे ते काहीतरी वेगळंच आहे. मला दुसरी वाट जास्त आवडते. पण पुस्तक तुमचं आहे.

आता वय. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण तुमच्या जगातलं सगळ्यात मोठं भगदाड इथे आहे आणि सगळ्यात मोठा खजिनाही.

रानातला लांडगा साधारण सहा ते आठ वर्षं जगतो, माणसाच्या निगराणीत तेरा-चौदा किंवा थोडी जास्त. तुमच्या रक्षकाला पिल्लू मिळतं बाराव्या वर्षी. म्हणजे तो पंचविशीत येतो तेव्हा त्याचा लांडगा मेलेला असतो किंवा आंधळाबहिरा होऊन चुलीशी पडलेला असतो. तरीही तुमच्या रक्षकांचा सरदार पन्नाशीचा आहे आणि त्याचा लांडगा अजून डोंगर चढतो. हे कसं?

सगळे लेखक इथे पहिलं उत्तर देतात ते म्हणजे "जोडणीमुळे लांडग्याचं आयुष्य वाढतं." चालेल, पण त्याची किंमत मोजा. साठ वर्षं जगणारी आणि दरवर्षी पाच पिल्लं देणारी मादी म्हणजे थोड्याच काळात राज्यभर लांडगेच लांडगे. तेव्हा वीण कमी करावी लागेल: दहा वर्षांतून एकदा, एकच पिल्लू. मग पिल्लू दुर्मीळ होतं, दुर्मीळ झालं की मौल्यवान होतं, मौल्यवान झालं की सरदारांची पोरं रांगेत पुढे घुसतात. निवड निष्पक्ष असते हे तुमचं गृहीतक तिथे कोसळतं.

मी मात्र तुमच्या जागी असतो तर आयुष्य वाढवलंच नसतं. लांडगा लांडग्याएवढाच जगू दे. मग काय होतं बघा. रक्षकाची कारकीर्द बारा ते चोवीस-पंचवीस. राज्याची सीमा राखतात ती पोरं. तीनशेचा आकडा टिकवायला दरवर्षी पंचवीस नवीन पिल्लं जोडली जातात आणि दरवर्षी पंचवीस तरुण माणसं आपल्या मनातला दुसरा आवाज कायमचा गमावतात. तीस वर्षांत असे सहा-सातशे जण साठतात. ते तिशी-चाळिशीत आहेत, लढाई जाणतात, सीमेचा प्रत्येक घाट त्यांना पाठ आहे, आणि त्यांच्या डोक्यात शांतता आहे. राज्य त्यांचं काय करतं? जमीन देतं? दूर ठेवतं? ते एकत्र राहतात का? त्यांना दुसरा लांडगा घ्यायला बंदी आहे का, आणि कुणी चोरून घेतला तर? सेवेत असलेल्या रक्षकांच्या दुप्पट संख्येने असलेले हे माजी रक्षक तुमच्या राज्यातली सगळ्यात मोठी ताकद ठरतात, आणि ती कुणाच्याच आज्ञेत नाही. पन्नाशीचा सरदार मग लांडगा नसलेला होतो. तीनशे जोड्यांना हुकूम सोडणारा, स्वतः मुका झालेला माणूस. पात्र म्हणून तो आत्ताच्यापेक्षा कितीतरी वजनदार होईल.

पोटाचा आणि वयाचा हिशेब मांडला की जग आपसूक बोलायला लागतं ते असं. जादू कुठेच कमी करावी लागली नाही.

लांडग्यांच्या हद्दीबद्दलही थोडं. तुमचे तीनशे लांडगे राजधानीतल्या एका मोठ्या वाड्यात राहतात. लांडग्यांचा कळप म्हणजे मुळात कुटुंब असतं, आईबाप आणि त्यांची एक-दोन वर्षांची पोरं. एल. डेव्हिड मीच (Mech) या संशोधकाच्या १९७० सालच्या पुस्तकामुळे कळपातला 'अल्फा', म्हणजे झुंजून झालेला म्होरक्या, घराघरांत पोचला. त्यानेच १९९९ च्या लेखात ते दुरुस्त केलं, कारण ती कल्पना पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या अनोळखी लांडग्यांवरून आली होती. रानात शिकार मुबलक असेल तर एका कळपाला शे-दोनशे चौरस किलोमीटर पुरतात, विरळ असेल तर हजारही कमी पडतात. परक्या कळपाशी गाठ पडली तर जीव जातात. जिथे माणूस शिकार करत नाही अशा संरक्षित भागांत लांडग्यांच्या मरणाचं एक मोठं कारण दुसरे लांडगेच असतात.

तेव्हा एका वाड्यात तीनशे लांडगे म्हणजे रोजची रक्तबंबाळ पहाट. पांगवा त्यांना. पाच-सहा लांडग्यांची एक चौकी, चौक्यांमध्ये दिवसभराचं अंतर, आणि एका चौकीच्या लांडग्याने दुसरीच्या हद्दीत शिरायचं नाही. लगेच राजकारण तयार झालं: सैन्य आहे पण ते एका जागी गोळा करता येत नाही. राजाला आपल्याच रक्षकांची भीती वाटायचं कारण नाही, कारण ते एकत्र येऊच शकत नाहीत. शत्रूलाही हे ठाऊक आहे. आणि शेवटच्या भागात तुम्ही तीनशे लांडगे एका मैदानात आणता, तो प्रसंग आत्ता नुसता भव्य आहे. या नियमानंतर तो अशक्य गोष्ट घडल्यासारखा वाटेल. तुमच्या संहितेतल्या 'अल्फा'च्या द्वंद्वाचं प्रकरण मात्र काढा. ते शिळं झालंय.

भुरक्याचं बोलणं. तो विनोदी आहे, त्याचं मला वावडं नाही. अडचण ही की तो जे पाहतो ते नायिकेलाही दिसतं आणि जे त्याला कळतं ते तिलाही कळतं, म्हणून तो तिचाच दुसरा आवाज होतो. प्रत्येक प्राणी आपापल्या इंद्रियांनी विणलेल्या वेगळ्या जगात राहतो, हा विचार याकोब फॉन उक्सक्युल या जीवशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मांडला. त्याचं गाजलेलं उदाहरण गोचिडीचं: तिच्या जगात सस्तन प्राण्याच्या घामातल्या एका आम्लाचा वास, ऊब आणि कातडीचा स्पर्श एवढंच आहे. बाकी सूर्य, झाड, आकाश तिच्या लेखी नाहीतच.

भुरक्याचं जग असं आखा. कुत्र्याच्या कुळाला निळा आणि पिवळा नीट ओळखता येतो, लाल आणि हिरव्यात गल्लत होते. तुमच्या राज्याची धोक्याची खूण हिरव्या टेकडीवरचा लाल झेंडा आहे! तो रक्षकांना दिसेल, लांडग्यांना वेगळा कळणार नाही. हे चुकून झालं असेल तर ठेवूनच द्या आणि त्याचा एक प्रसंग करा. वासात काल शिल्लक असतो: कोण येऊन गेला, घाबरलेला होता का, आजारी होता का. म्हणजे नायिकेच्या वर्तमानापेक्षा भुरक्याचा वर्तमान लांबरुंद आहे. उलट वचन, कर्ज, पुढच्या वर्षीचं लग्न हे त्याच्या आकलनाबाहेर ठेवा. त्याला न कळणाऱ्या तीन-चार गोष्टी ठरवा आणि पाचही भागांत त्या पाळा. सगळ्यात मोठे गैरसमज आणि सगळ्यात चांगले विनोद तिथूनच निघतील. आणि त्याच्या तोंडी आदरार्थी बहुवचन नको. राजालाही तो 'तू'च म्हणेल. दरबारात नायिकेला ते बदलून सांगावं लागेल.

डोमकावळ्यांचं प्रकरण तुम्ही लांडग्यांपेक्षा नीट हाताळलं आहे, त्यामुळे तिथे फारसं सांगण्यासारखं नाही. एवढंच की चेहरा लक्षात ठेवणं ही कावळ्यांची खरी खुबी आहे. वॉशिंग्टन विद्यापीठात जॉन मार्झलफ आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये एक विशिष्ट मुखवटा घालून काही कावळे पकडले आणि सोडून दिले. पुढे कित्येक वर्षं तो मुखवटा दिसला की कावळे कलकलाट करून मागे लागत, आणि त्यात कधीच न पकडलेले कावळेही असत. हेरांच्या जगात याला दुहेरी धार आहे. तुमचा हेर वेश बदलेल, पण शत्रूच्या गावातल्या रानकावळ्यांनी एकदा त्याला धरलं की संपलं. (निरोप पोचवायला घुबड निवडलं नाहीत याबद्दल खास आभार. घुबड दिसतं विद्वान, पण शिकवलेलं उचलण्यात कावळ्याच्या पासंगाला पुरत नाही.)

चौथ्या भागात ड्रॅगन येणार असं टिपणात दिसलं. आजवर उडालेल्या सगळ्यात मोठ्या प्राण्यांपैकी एक, डायनासोरांच्या काळातला क्वेट्झलकोअ‍ॅटलस, पंखांच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दहा-अकरा मीटर आणि वजनाने बहुधा दोन-अडीचशे किलो होता. त्यावर स्वार, चिलखत आणि भाला चढवायचा तर जादू लागेल, आणि ती लागते असं सरळ सांगून टाका. वाचक जादू आनंदाने घेतो. त्याला खटकते ती चौथ्या भागात अचानक आठवलेली जादू.

कुणाला प्राणी मिळतो हा प्रश्न तुम्ही एका ओळीत उरकला आहे, तिथे थोडं थांबा. नेओमी नोविक यांच्या २००६ पासूनच्या मालिकेत नेपोलियनच्या काळातल्या ब्रिटनकडे ड्रॅगनांचं दल आहे आणि त्यातली एक अत्यंत मोलाची जात फक्त स्त्री कप्तानालाच स्वीकारते. जनावराची एक आवड, आणि त्या काळच्या सैन्याला गुपचूप स्त्री अधिकारी नेमाव्या लागतात. फिलिप पुलमन यांच्या १९९५ मध्ये सुरू झालेल्या त्रयीत प्रत्येक माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपात बाहेर असतो, वयात येताना त्याचं रूप कायम होतं, आणि नोकरांचे प्राणी बहुतेक कुत्रे असतात. एवढ्या एका तपशिलात त्या समाजातली उतरंड दिसते. तुमचे लांडगे कुणाला नाकारतात? नकार मिळालेल्या मुलाचं घरी काय होतं?

किती खोल जायचं, तर वहीत हवं तितकं. पानावर मात्र तेवढंच, ज्याची झळ प्रसंगातल्या कुणाला तरी बसते आहे. साठ हजार मेंढ्यांचा आकडा कादंबरीत कुठेही येऊ नये. कर भरायला आलेला मेंढपाळ यावा.

आता भुरक्याचं मरण. साथी प्राणी मेला की वाचक रडतो हे प्रत्येक लेखकाला माहीत आहे, म्हणूनच वाचक आता पहिल्या पानापासून सावध असतो. मरणाचा धागा जगाच्या रचनेत असेल तरच ते लागतं. जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या १९९६ सालच्या 'अ गेम ऑफ थ्रोन्स'मध्ये एका बहिणीच्या लांडगीने राजपुत्राला चावा घेतला, ती सापडली नाही, म्हणून दुसरीच्या निरपराध लांडगीला मारलं जातं. त्यात अश्रू आहेतच, पण त्याहून जास्त म्हणजे त्या दरबारात न्याय कसा चालतो हे तिथे कायमचं कळतं. तुमच्या तिसऱ्या भागात भुरका नायिकेवर फेकलेला भाला अंगावर घेतो. त्यातून जगाबद्दल काहीच कळत नाही, फक्त नायिका चिडते. आणि चिडायला तिच्याकडे आधीच पुरेशी कारणं आहेत.

शिवाय तुम्हाला त्याला मारायची गरजच नाही. कथानक नायिकेच्या बाराव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत चालतं. आयुष्य वाढवलं नाहीत तर पाचव्या भागात भुरका चौदा वर्षांचा असेल. दात झिजलेले, मागचे पाय कडक, ऐकू कमी, पण वास शाबूत. रॉबिन हॉब यांच्या मालिकेतला नाइटआइज हा लांडगा पहिल्या त्रयीत ऐन भरात आहे आणि २००१ च्या 'फूल्स एरंड'मध्ये म्हातारा. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी पुढचं सांगत नाही, पण ते पुस्तक भुरक्याचा चौथा भाग लिहिण्याआधी जरूर वाचा. दुसऱ्या भागात एखादा ज्येष्ठ रक्षक आपल्या म्हाताऱ्या लांडग्याला मांस चावून भरवताना नायिकेला दिसू द्या. त्यानंतर वाचक स्वतःच वर्षं मोजत राहील.

एक व्यावहारिक सूचना. रक्षकांना बाराव्या वर्षी पिल्लू मिळतं हे वाक्य पहिल्या भागात तीन ठिकाणी आहे, आणि एके ठिकाणी ते "दहाव्या वर्षी" झालंय. पहिला भाग छपाईला जाण्याआधी लांडग्याचं आयुष्य, विणीचा काळ आणि ही जोडणीची वयं एका कागदावर पक्की करा आणि सरदाराच्या लांडग्याचा निकाल लावा. चौथ्या भागात सोयीचं वाटलं म्हणून ती बदलता येणार नाहीत. भुरक्यावर जीव लावलेला तुमचा पहिला तट तोवर पहिल्या भागाच्या पानांवर खुणा करून बसलेला असेल.